कल्याणच्या मुलीचा अर्ज आणि शीळफाट्याची मुले

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, एवढे आपल्याला पाठ असते. पण डॉक्टर होण्यासाठी त्यांना आधी कॉलेजात प्रवेश मिळवावा लागला, त्यासाठी अर्ज लिहावा लागला, आणि तो अर्ज आजही वाचायला मिळतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. तारीख २८ जून १८८३. अमेरिकेत उतरून महिनाही झाला नव्हता. वय अठरा. फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या अल्फ्रेड जोन्स यांना त्यांनी इंग्रजीतून पत्र लिहिले, आणि त्या पत्राने दार उघडले. पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे.

परदेशी कॉलेजात अर्ज करणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हे पत्र वाचायला सांगतो. एक तर ते आपल्याच भागातल्या मुलीचे आहे. यमुना जोशी कल्याणात वाढली, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. शीळफाट्यावरून कल्याण-शीळ रस्ता धरला की काटई नाका मागे टाकून आपण तिच्या गावात पोचतो. दुसरे कारण महत्त्वाचे. अर्जातला निबंध कसा असावा, याचा इतका नेमका नमुना मला दुसरा माहीत नाही.

आज या पट्ट्यातल्या बारावीच्या मुलांना हा निबंध का लिहावा लागतो, ते आधी पाहू. जेईई, नीट, एमएचटी-सीईटी यांत निबंधाला जागाच नाही. गुण आले की यादी लागते. आपल्या घरांना हीच पद्धत ठाऊक. पण पलावासारख्या नव्या वसाहतींत, डोंबिवलीच्या सोसायट्यांत आणि आता शीळ, देसई, दिव्याच्या इमारतींतही एखादे तरी मूल अमेरिकेचा नाहीतर इंग्लंडचा अर्ज भरताना दिसते. भारतातही अशोका आणि पुण्याच्या फ्लेमसारखी विद्यापीठे गुणांच्या जोडीला लेखन मागतात. आईवडिलांना मदत करायची असते, पण हा कागद नेमका कसला हेच कळत नाही. मग कुणीतरी क्लास सुचवतो, कुणी तयार नमुने पाठवतो, आणि मूल सतरा वर्षांचे स्वतःचे आयुष्य बाजूला ठेवून दुसऱ्याचे आयुष्य लिहायला बसते.

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांचा एकत्र अर्ज म्हणजे कॉमन ॲप. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी तो सुरू केला. त्यातला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, कमीत कमी २५०. विषयांची यादी सात प्रश्नांची, त्यातला शेवटचा ‘तुमच्या आवडीचा कोणताही विषय’. शिवाय अनेक कॉलेजे आपापले छोटे प्रश्न वेगळे विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा: आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकाला ३५० शब्द. इंग्लंडचा यूकास अर्ज तर वेगळ्याच जातीचा. तिथे पूर्वी सलग एक निवेदन लिहायचे असे. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे, तिन्ही मिळून ४,०००.

हा फरक मुलांच्या लक्षात उशिरा येतो. अमेरिकन निबंध वाचणाऱ्याला माणूस कळायला हवा असतो. हा मुलगा वसतिगृहात कसा राहील, वर्गात काय बोलेल, याचा अंदाज तो घेत असतो. इंग्लंडचा प्राध्यापक विषयात डोके किती चालते ते पाहतो. त्याला आजीची आठवण नको असते. अर्थशास्त्राचे कोणते पुस्तक वाचले आणि त्यातले काय पटले नाही, ते हवे असते. एकच निबंध दोन्हीकडे पाठवला की दोन्हीकडे फसतो.

या निबंधाचा इतिहास फार उजळ नाही, तोही मुलांना सांगावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा विद्यापीठांत परीक्षेच्या जोरावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली. तेव्हा ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ तपासण्याच्या नावाखाली अर्ज लांबले, मुलाखती आल्या, घराण्याची चौकशी आली. निवडीचे हे हत्यार आरंभी माणसे बाहेर ठेवायला वापरले गेले. पुढे त्याचा उपयोग उलटाही झाला. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेश देणे बंद केले. त्याच निकालात असेही म्हटले की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, तर त्याचा विचार करायला मनाई नाही. ज्याची बाजू गुणपत्रिकेत मावत नाही, त्याला ती मांडायची जागा या कागदावर आहे. म्हणूनच मी त्याला इतके महत्त्व देतो.

आता पत्राकडे येऊ. आनंदीबाईंनी त्यात पहिल्यांदा आपली उणीव कबूल केली. तुमच्या कॉलेजच्या सगळ्या अटी माझ्याकडून पूर्ण होत नसतील, माझी परिस्थिती वेगळी आहे, तेव्हा सवलत द्यावी, अशी त्यांची विनंती आहे. त्यात रडगाणे नाही, लपवाछपवीही नाही. मग तब्येत चांगली असल्याचे सांगून त्या आपल्या निर्धाराकडे वळतात. निर्धाराचा पुरावाही लगेच देतात: स्नेह्यांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून मी तुमच्या देशात आले आहे. ‘मी जिद्दी आहे’ असे त्यांना म्हणावेच लागले नाही. नंतर येतो हेतू. तो ‘मानवसेवा’ असा मोघम ठेवलेला नाही. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरे वैद्यकीय साहाय्य द्यायचे आहे. कोण, कशामुळे, कशासाठी, सगळे दोनतीन वाक्यांत.

आणि एक गोष्ट त्या पत्राच्या नेहमी छापल्या जाणाऱ्या भागात नाही. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याची इच्छा त्यांच्या मनात पक्की होण्यामागे हे दुःख होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वाचणाऱ्याचे डोळे ओले करायला ही एक घटना पुरली असती. त्यांनी कामाबद्दल लिहिले. दुःख लिहू नये असे मी म्हणत नाही. पण त्या दुःखातून तुम्ही पुढे काय केलेत, ते कागदावर जास्त जागा घेऊ दे. शीळमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळून ७४ माणसे गेली. ज्याच्या घरातले कुणी त्यात गेले, त्याला तो विषय लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे. जवळपास राहतो म्हणून दुसऱ्याचे मरण आपल्या अर्जात आणणे मात्र बरोबर नाही, आणि अनुभवी वाचकाला ते लगेच जाणवते.

हे पत्र इतके नेमके कसे उतरले? त्याचे उत्तर चार महिने मागे सापडते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा तिथे टपाल खात्यात होते. अमेरिकेला निघालेली हिंदू बाई म्हणून लोक नावे ठेवत होते, आणि त्या लोकांसमोरच त्या उभ्या राहिल्या. भाषणात त्यांनी लोकांचेच प्रश्न घेतले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? जे कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. मला तर वाटते, जूनमधल्या पत्राचा पहिला खर्डा म्हणजे हे भाषणच. चार महिन्यांनी लिहिताना काय सांगायचे आणि काय गाळायचे हे त्यांना ठाऊक होते, कारण सर्वांत अवघड श्रोत्यांपुढे ते बोलून झाले होते.

म्हणून निबंध सुधारायचा असेल तर शब्दांना हात लावण्याआधी अशी एक उलटतपासणी घडवावी. घरात एखादी आत्या, एखादा काका असतोच, जो म्हणतो, ‘इथे कॉलेजं नाहीत का? एवढा खर्च कशाला? हाच विषय का? आणि तुलाच का घेतील ते?’ त्यांच्यासमोर बसावे आणि मराठीत उत्तर द्यावे. जिथे अडखळाल तिथे निबंध कच्चा आहे. जिथे आवाज चढेल, तिथे बहुधा निबंधाचा खरा विषय दडलेला असतो.

आपल्या शाळांनी निबंधाचे जे वळण दिले, ते इथे आड येते. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी पंतप्रधान झालो तर’. सुरुवातीला सुविचार, मध्ये म्हण, शेवटी उपदेश. त्या निबंधाचा गुण म्हणजे तो कुणालाही लिहिता यावा. शुद्धलेखन, वाक्यरचना, विषयाची मांडणी शिकवायला ते वळण चांगलेच आहे आणि ज्या शिक्षकांनी ते घोटून घेतले त्यांचे उपकार आहेत. पण प्रवेशाच्या अर्जात कुणालाही लिहिता येईल असा निबंध पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो.

नक्कल किती दूर जाते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. २००७ साली यूकासने वैद्यकीय, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा अभ्यासक्रमांच्या सुमारे ५०,००० अर्जांतली निवेदने संगणकाने ताडून पाहिली. २३४ जणांनी आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडले होते. १७५ जणांच्या निवेदनात आजारी किंवा थकलेले आजोबा होते. सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उचललेले. तेव्हापासून यूकास प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून बघते. आता तर यंत्राकडून निबंध लिहवून घेण्याची सोय फोनवरच आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरते. नियम नसता तरी मी मुलांना तेच सांगितले असते: यंत्राला तुमची गल्ली ठाऊक नाही, आणि तुमच्या निबंधात मोलाची गोष्ट तीच आहे.

एक उदाहरण घेऊ. पुढची मुलगी माझ्या कल्पनेतली आहे; तिच्यासारखी वही मात्र शीळ-दिवा पट्ट्यातल्या पुष्कळ इमारतींत सापडेल. नळाला पाणी कमी, म्हणून टँकर येतो. कोणत्या दिवशी किती वाजता आला, कुणी किती पैसे दिले, हे सगळे ती लिहून ठेवते. तिला अर्थशास्त्र शिकायचे आहे. पहिल्या खर्ड्यात ती लिहिते:

‘पाणी म्हणजे जीवन. लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे. आमच्या परिसरात पाण्याची तीव्र टंचाई असून नागरिकांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते. मी पाणीवाटपाच्या कामात पुढाकार घेतला. या अनुभवातून मी नेतृत्व, वेळेचे नियोजन आणि संघभावना शिकले.’

यात चूक एकही नाही. पण यावर लातूरची मुलगी सही करू शकते, चेन्नईचीही. तिला विचारायचे: वही तुझ्याकडेच का आली? पहिल्या दिवशी काय लिहिलेस? भांडण कधी झाले? कोण चिडले? तू काय ठरवलेस, आणि ते सगळ्यांना मान्य झाले का? तिच्या तोंडून उत्तरे येऊ लागली की दुसरा खर्डा आपोआप वेगळा होतो:

‘टँकरची वही माझ्याकडे आली, कारण इमारतीत माझे अक्षर सगळ्यांना लागते. नियम सोपा होता: प्रत्येक घराला तीन ड्रम. वहीत सगळे समान दिसायचे. मग चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आम्ही सात जण आहोत, समोर दोघे राहतात, ही कसली बरोबरी? मी माणसे मोजून नवीन तक्ता केला. आता समोरचे काका चिडले. पैसे घराप्रमाणे घेता आणि पाणी माणसांप्रमाणे देता? दोघांचेही मला पटत होते. मी पैसेही माणसांप्रमाणे करून पाहिले, तेव्हा काकूंनाच ते परवडेना. शेवटी दोन ड्रम घरामागे आणि उरलेले माणसांप्रमाणे, असे ठरले. हे बरोबर आहे की नाही, मला अजून माहीत नाही. अर्थशास्त्रात याला काही उत्तर आहे का, ते मला शिकायचे आहे.’

‘नेतृत्व’ हा शब्द गेला आणि नेतृत्व दिसू लागले. ‘टंचाई’ गेली आणि ड्रम आले. शेवटचा प्रश्न खरा आहे. समान म्हणजे काय, यावर अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्ये घालवली आहेत. वाचणाऱ्या प्राध्यापकाला ही मुलगी आपल्या वर्गात बसलेली दिसेल. आणि पहा, ती जिंकलेली नाही. आपली मुले प्रत्येक गोष्ट विजयात संपवतात, कारण त्यांना तसे शिकवले आहे. एखादा प्रश्न हातात घेऊन उभे असलेले मूल वाचकाला जास्त विश्वासार्ह वाटते.

मुले मला सांगतात, ‘सर, आमच्या इथे लिहिण्यासारखे काय आहे? ट्रॅफिक आणि गोदामे.’ शीळफाट्यावर कल्याणकडून, पनवेलकडून, महापेकडून आणि मुंब्र्याकडून आलेल्या वाहनांची गाठ पडते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्याचे सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, इथेच बाहेर पडतो. खिडकाळीला जुने शिवमंदिर आहे आणि थोड्याच अंतरावर उंच टॉवर. गावठाणातली भातशेती पाहिलेले आजोबा आणि त्याच जमिनीवरच्या इमारतीत लिफ्टने जाणारी नात एकाच घरात आहेत. अशी जागा लिहिणाऱ्याला सहज मिळत नाही. पण नुसती जागा म्हणजे विषय नाही. बोगद्याची लांबी वाचकाला कुठेही सापडेल. बोगद्याच्या कामामुळे तुमच्या बाबांच्या रिक्षाचा रस्ता बदलला, त्यांनी दोन महिने नवीन थांबा शोधला आणि तुम्ही त्यांच्या फेऱ्यांचा हिशेब मांडलात, असे असेल तर ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

खर्डा झाल्यावर सुधारणेचे काम सुरू होते आणि खरा वेळ तिथेच द्यावा. पहिला परिच्छेद झाकून निबंध वाचा. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, कारण तो परिच्छेद लिहिणाऱ्याच्या हाताला सराव व्हावा म्हणून लिहिलेला असतो, काढून टाका. मग मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही मित्राशी बोलताना कधीच वापरणार नाही, ते बदला. इंग्रजीचा कोश उघडून शोधलेले भारदस्त शब्द इथे फार नुकसान करतात. मराठी माध्यमाच्या मुलांना माझा आग्रह असतो की पहिला खर्डा मराठीत लिहा. घर, भांडण, भीती, अभिमान या गोष्टी ज्या भाषेत घडल्या, त्या भाषेतच त्यांचे तपशील आठवतात. नंतर साध्या इंग्रजीत पुन्हा लिहा. ओळीला ओळ लावत बसू नका. इंग्रजी साधे असण्याची लाज बाळगू नका.

दाखवायचे कुणाला? आईवडिलांना तथ्ये तपासण्यासाठी जरूर दाखवा, पण त्यांच्या हातात पेन देऊ नका. त्यांना तुम्ही निर्दोष दिसावेसे वाटते, आणि निर्दोष माणसाबद्दल वाचण्यासारखे काही उरत नाही. तुम्हाला फारसे न ओळखणारा एक वाचक शोधा. त्याला निबंध वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी विचारा, काय लक्षात राहिले? त्याला ड्रम आठवले तर निबंध जमला. ‘चांगला आहे’ एवढेच म्हणाला तर पुन्हा बसा. इंग्रजीच्या शिक्षकांकडून व्याकरण तपासून घेण्यात काही गैर नाही. वाक्ये त्यांची होता कामा नयेत, इतके पाहा.

पैसे देऊन मार्गदर्शन घेणे सगळ्यांना शक्य नसते, आणि त्याची गरजही नाही. बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य संस्था घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांना अर्जासाठी मदत करते. गावाकडच्या मुलाला जे जमते ते लोकलच्या टप्प्यातल्या मुलाला न जमण्याचे कारण नाही.

आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. पदवी घेतली, प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधले प्रसूतिशास्त्र. पत्रात लिहिलेला हेतू आणि प्रबंधाचा विषय यांत तीन वर्षांनीही अंतर पडले नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती, पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांनी तारखा लिहून ठेवाव्यात. कॉमन ॲप दर वर्षी १ ऑगस्टला उघडते, अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांची लवकरची मुदत १ नोव्हेंबर असते, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज व इंग्लंडच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांची १५ ऑक्टोबर. बारावीचा अभ्यास, सराव परीक्षा आणि सीईटीची तयारी याच महिन्यांत येते. तेव्हा मराठीतला पहिला खर्डा जूनमध्येच, शाळा-कॉलेज सुरू होताना लिहून टाका, आणि जुलैत घरातल्या सर्वांत कडक माणसासमोर बसा.